पाण्याच्या चालीनं

चैत्र लागला की आमच्या संगमनेरच्या घरापुढचा लिंब फुलतो आणि माझ्यामागे झाडण्याचं काम लागतं. लिंब म्हणजे कडुलिंब, आमच्याकडं त्याला नुसतं लिंबच म्हणतात. सकाळी लख्ख झाडलेलं अंगण दुपारच्या चहापर्यंत पुन्हा बारक्या पांढऱ्या फुलांनी भरून जातं. सून म्हणते, "आई, राहू द्या की आता, किती वेळा झाडाल?" मी ऐकत नाही. जन्मभर शाळेत पोरांना ऐकवलंय, आता ऐकायची सवय कुठून लागणार. पण झाडता झाडता मी मधेच थांबते, हे तिनंही पाहिलंय. केरसुणी हातात तशीच राहते. तो वास नाकात गेला की मी संगमनेरात नसतेच मुळी. नगरला असते, आक्काच्या दारात, एकोणीस-वीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली.

परवा नातवाचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, "आजी, आम्ही नगरला हेरिटेज वॉकला चाललोय. गाईड बरोबर असतो, पायी हिंडत सगळं शहर दाखवतो. येतेस?" मला हसूच आलं. म्हटलं, "बाळा, असला वॉक मी तुझ्या बापाच्या जन्माआधी केलाय. आणि आमच्याबरोबर पाणीही चालत होतं." तो म्हणाला, "म्हणजे?" आता म्हणजे काय, ते फोनवर कसं सांगायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो चैत्र. मी नगरला कॉलेजात होते आणि थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं राहत होते. आमचं माहेर अकोल्याकडचं, भंडारदऱ्याच्या खालचं. तिकडं पावसाळ्यात भिंतीला शेवाळ चढतं, घोंगड्या आठ-आठ दिवस वाळत नाहीत. पाणी ही मोठी गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. पाणी म्हणजे चिखल, पाणी म्हणजे गळकं छप्पर, एवढंच. त्या वर्षी नगरात येऊन मी पहिल्यांदा पाण्याचा आवाज ओळखायला शिकले. रिकाम्या बादलीत पहिली धार पडते तो आवाज. तो आला की गल्लीतल्या बायका भाकरी तव्यावर टाकून पळत. भाकरीसुद्धा कसली, तर रेशनवरच्या परदेशी लाल जोंधळ्याची, मिलोची. घशाखाली ढकलायची म्हणून ढकलायची.

आक्काच्या गल्लीत मधोमध एक जुना दगडी हौद होता. रस्त्यावरून खाली पायऱ्या उतरत गेलेला, तळाशी भिंतीत दगडाची तोटी. निजामशाहीपासूनचा म्हणत. डोंगराकडून जमिनीखालून मातीचे नळ आलेले, त्यातून त्याच्यात पाणी यायचं. आक्का लग्न होऊन आली तेव्हा त्याच्यावर धुणं धुवायची. पण दिवाळीनंतर तोटी आटली ती आटलीच. कोरडा हौद म्हणजे खड्डाच की. त्यात शेजारची चिमी पडली आणि पाय मोडून महिन्याभरापासून खाटेवर होती. मग गल्लीनं ठरवलं, हौद बुजवायचा. वर फरशी टाकली की लग्नकार्याला मांडव घालायला जागाही होईल.

यात पुढाकार आमच्या दाजींचा. दाजी कोर्टात नोकरीला होते, म्हणून गल्लीतले सगळे तंटे आमच्या ओट्यावर. माणूस सरळ, पण एकदा निकाल दिला की दिला. मुरूम कुठून आणायचा, गाडी कुणाची, सगळं ठरलं. आणि त्या संध्याकाळी बागवान गुरुजी ओट्यावर येऊन बसले.

गुरुजी झेंडीगेटच्या बाजूला राहायचे. भूगोल शिकवून शिकवून रिटायर झालेले, उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी. रविवारी सकाळी कुणी चार माणसं भेटली की त्यांना घेऊन शहर दाखवत फिरायचे. कुणी भेटलं नाही तर एकटे फिरायचे. लोक त्यांना हसत. म्हणत, गुरुजींचा वर्ग सुटला तरी तास काही सुटत नाही.

"दाजी," गुरुजी म्हणाले, "हौद बुजवू नका. नळ मेलेला न्हाई. शहराच्या बाहेरपर्यंत पाणी अजून येतंय, मी कानानं ऐकलंय. पुढं कुठंतरी गाळानं तुंबलाय."

दाजी म्हणाले, "गुरुजी, तुमच्या ऐकण्यावर मी गल्लीला काय सांगू? उद्या आणखी एखादं पोर पडलं म्हणजे?"

त्यावर गुरुजींनी वाद घातला नाही, कारण चिमी त्यांच्याही अंगाखांद्यावर खेळायची. मग म्हणाले, "मला एक रविवार द्या. सगळी गल्ली घेऊन चला. वर डोंगराशी पाण्यात फुलं सोडू आणि पाण्याच्या चालीनं खाली येऊ. फुलं हौदात आली तर हौद राहू द्या. न्हाई आली तर पहिली पाटी मुरूम मी टाकीन."

दाजींनी बराच वेळ पान जुळवलं. मग म्हणाले, "दिला रविवार. पण सोमवारी गाडी येणार."

फुलं कुठली? त्या वर्षी देवाला वाहायला फूल मिळत नव्हतं. झेंडू नाही, शेवंती नाही. पण लिंब फुललेला होता. एवढ्या कोरड्या ठणठणीत जमिनीत तो कुठून आणतो कोण जाणे, पण तो फुलतोच. आम्ही पोरींनी शनिवारी सूपभर फुलोरा गोळा केला. रात्रभर घरात तो वास होता.

रविवारी तांबडं फुटायच्या आत निघालो. निम्मी गल्ली होती. म्हातारे, बायका, कडेवर पोरं, पाठीला भाकरीची फडकी. मला वाटलं होतं, सरळ डोंगराकडं जायचं. पण गुरुजींची पावलं सरळ पडतील तर शपथ. ते आधी वेशीपाशी थांबले. म्हणाले, "इथं हात लावा." दगडात खोबण होती, चाक घासून घासून पडलेली. ज्या वेशीतून मी रोज कॉलेजला जाते, भाजी आणते, तिच्या दगडावर बैलगाड्यांची शेकडो वर्षं उमटलेली, आणि माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. तिथून किल्ल्याच्या कडेकडेनं गेलो. आत लष्कर, त्यामुळं आत जायची सोय नाही. बाहेरूनच तो एवढा मोठा गोल कोट सूर्याच्या पहिल्या उन्हात तांबूस दिसायला लागला. खंदक कोरडा. त्यात वाळलं गवत आणि शेळ्या. गुरुजी म्हणाले, "हा खंदक पाण्यानं भरला की किल्ला सुरक्षित. म्हणजे किल्ल्याची खरी भिंत कोणती, सांगा?" त्यांची प्रश्न विचारायची सवय काही गेली नव्हती. सगळे खंदकाकडं बघत राहिले.

पुढं दमडी मशीद. लहानशीच आहे ती, रस्त्यावरून बघितली तर वाटतं, काय आहे त्यात. जवळ गेलं की वाचा बसते. दगडावर असली नक्षी की रुखवतातल्या विणकामाची आठवण व्हावी. आक्कानं हळूच बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्ये दगडाचं हाय व्हय? मला वाटलं कायतरी लाकडाचं." किल्ला बांधणाऱ्या मजुरांनी आपापल्या मजुरीतली दमडी दमडी बाजूला काढून ती उभी केली असं सांगतात. त्या वर्षी आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दगड फोडणारी ती माणसं त्या दगडापुढं उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. एक मामा आपल्या हाताचे घट्टे चोळत म्हणाले, "आमी पन दगडच फोडतो, पर आमचा दगड रस्त्याखाली जातो."

शहर मागं पडलं आणि शेतं लागली. शेतं कसली, नुसती भेगाळलेली ढेकळं. आणि त्यात मधून मधून उभे दगडी मनोरे, पुरुषभर उंचीचे, वर तोंड उघडं. जमिनीखालच्या नळातली हवा बाहेर पडावी म्हणून बांधलेले. गुरुजी त्यांना उसासे म्हणायचे. एका उसाशाजवळ जमीन खचली होती आणि खाली चालत्या नळाशेजारचा एक जुना, सोडून दिलेला नळ उघडा पडला होता. गुरुजी खाली उतरले आणि फुटक्या नळाचं एक खापर माझ्या हातात दिलं. भाजलेल्या लाल मातीचं, बाहेरून चुन्यानं लिंपलेलं. "पोरी, आतून बघ," ते म्हणाले.

आतून बोटांच्या खुणा होत्या. चाकावर फिरवताना कुंभाराची बोटं जशी ओल्या मातीत उमटतात तशाच, एकाखाली एक, गोल गोल. मी माझं बोट त्या खोबणीत ठेवलं आणि ते नेमकं बसलं. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी माणूस कुठंतरी उन्हात बसून हे वळत होता. त्याचं नाव कुणी कुठं लिहून ठेवलं नाही. त्याला माहीत होतं की हा नळ जमिनीत पुरला जाणार, ही आतली बाजू कुणी कधी बघणार नाही. तरी बोटं कशी एकसारखी चाललेली. मी इतिहासाची विद्यार्थिनी, सनावळ्या धडाधड म्हणायचे. पण इतिहासाला बोटं असतात हे मला त्या दिवशी कळलं. आजही नळाची तोटी सोडली की मला तो माणूस आठवतो.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथं एक बांधीव विहीर. पायऱ्या उतरून आत गेलो आणि सगळी गल्ली वाकून बघायला लागली. पाणी होतं. थोडं होतं, पण जिवंत होतं. काळंभोर, गार, आणि एका बाजूच्या दगडी पाटातून संथपणे जमिनीत शिरत होतं. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. आक्का म्हणाली, "एवढं पानी हितं हाय, आन आमी तिकडं बादलीपायी एकमेकींच्या झिंज्या उपटतो." गुरुजींनी मला खूण केली. मी सूप पाण्यावर तिरकं केलं. फुलं पसरली, गोल फिरली आणि एकामागून एक पाटातून आत गेली.

गुरुजी पुरुषमंडळींना घेऊन वर गेले, पाणी किती हळू चालतं ते सांगत. म्हातारी देवळाला जाते तसं, म्हणाले, त्याच्यापुढं पळायचं नाही. आणि इकडं खाली आक्कानं आणि बायकांनी आपलं गुपित काढलं. खण, नारळ, हळदकुंकू. पाण्याची ओटी भरायला. दुष्काळात पाण्याचं दर्शन झालं आणि ओटी न भरता परत फिरायचं, हे त्यांच्यानं कसं व्हावं? आक्कानं स्वतःच्या ठेवणीतला खण आणला होता. त्यात नारळ बांधून, हात जोडून तिनं तो पाण्यात सोडला. नारळ डुचमळत फुलांच्या मागं पाटात गेला. मलाही ते फार छान दिसलं.

पहिला उसासा जवळच होता. पाट तिथवर दगडी आणि रुंद, तिथून पुढं खापरी नळ, अरुंद. आम्ही त्याला वळसा घालून दुसऱ्या उसाशाशी जाऊन बसलो. गुरुजींनी दगडाला कान लावला. सकाळी येताना त्याच उसाशाशी आम्हा सगळ्यांना त्यांनी खालची खळखळ ऐकवली होती. आता ते कान लावून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. दुसरा कान लावला. टोपी काढली. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "पाणी थांबलं."

आक्काचा चेहरा पांढराफटक. तिनं पदर तोंडाशी नेला आणि सांगून टाकलं. "गुरुजी, आमी ओटी भरली. नारळ सोडला."

मला वाटलं, आता गुरुजी काही खरं ठेवत नाहीत. पण ते खालीच बसले. मग म्हणाले, "ओटी भरलीत ते बरंच केलंत. पण ताई, ओटी पदरात घालायची असते. तुमी नळाच्या घशात घातलीत." आणि स्वतःच हसले. आक्का मात्र रडायला लागली.

दाजी म्हणाले, "गुरुजी, ऊन फार झालंय. आता राहू द्या. तुम्ही केलंत ते कुणी केलं नसतं." बोलताना त्यांचा आवाज मऊ होता, पण निकाल तोच होता, हे सगळ्यांना कळलं.

"दाजी, दिवस मावळायला लई येळ हाय," गुरुजी म्हणाले. "रविवार माझा हाय. तुमी सगळी पुढं व्हा आन हौदाशी बसा. मी नारळ काढून येतो." शेजारच्या वस्तीवरचा एक शेतकरी कळकाची लांब काठी घेऊन आला. दोघं मागं पहिल्या उसाशाकडं चालत गेले, तेवढंच दिसलं.

परतीची वाट गुरुजींशिवायची. सकाळी तेच मनोरे बोलत होते, आता प्रत्येकापाशी मी कान लावत होते आणि आत नुसती पोकळी. पण पायाखालची जमीन पहिल्यासारखी राहिलीच नव्हती. शेताच्या खालून, रस्त्याच्या खालून, मशिदीच्या, वेशीच्या, माणसांच्या चुलींच्या खालून ती वाट गेलेली आहे, आणि आपण वरून चाललोय. शहराच्या खाली एक दुसरं शहर आहे, असं मला वाटत राहिलं. आजही नगरात गेले की माझी पावलं हलकी पडतात. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, माझ्या वेशीच्या भोवती रिक्षांचा गराडा. पण मी चालते ती खालच्या शहराला जाग येऊ नये अशा बेतानं. सुनेला वाटतं, गुडघे दुखतात.

गल्लीत पोचलो तर तोंडाशी मुरूम येऊन पडलेला. गाडीवाल्यानं सोमवारची वाट बघितली नव्हती. आम्ही हौदाच्या पायऱ्यांवर बसलो. चिमीला खाटेवरून उचलून आणून वरच्या पायरीवर बसवलं होतं. आक्का सगळ्यात खाली, तोटीच्या समोर, घरात जायला तयार नाही. उन्हं भिंतीवरून वर सरकत गेली. दाजी एकदा मुरमाकडं बघायचे, एकदा आक्काकडं.

पहिल्यांदा हललं ते कोळ्याचं जाळं. तोटीच्या तोंडावर होतं ते, ते बाहेरच्या बाजूला फुगलं. वारा नव्हता. मग आतून धुळीची एक फुंकर आली आणि मग एक आवाज, म्हाताऱ्या माणसानं घसा खाकरावा तसा. आक्का उठून उभी राहिली. तोटीतून काळा चिखल घरंगळला, त्यात मुळ्यांचे पुंजके. मग काहीच नाही. आणि मग धार. गढूळ, करंगळीएवढी, मग मनगटाएवढी. नारळाच्या मागं जे पाणी तुंबून तुंबून चढलं होतं, ते मोकळं होऊन जोरानं आलं होतं, आणि कित्येक महिन्यांचा गाळ त्यानं पुढं लोटून आणला होता. हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा कळली ती फक्त फुलं. गढूळ पाण्यावर लिंबाची बारकी पांढरी फुलं आली आणि हौदाच्या तळाशी गोल फिरायला लागली.

दाजी पायऱ्या उतरून खाली गेले. पाण्यात हात घातला, एक फूल बोटावर घेऊन बघितलं. वर आले, सायकल काढली आणि वेशीकडं सुसाट गेले.

तो हौद पुढं बरीच वर्षं राहिला. त्याच्यावर लोखंडी जाळी बसवली, ती दाजींनीच. घरोघरी नळ आले तशी त्याची गरज संपली. गुरुजीही गेले. पण मी सांगत होते त्या संध्याकाळचं.

बातमी भिंतींना कान असल्यासारखी पसरली. घराघरांतून बायका कळश्या, हंडे, घागरी घेऊन आल्या. शेजारच्या गल्लीतल्याही आल्या. पायऱ्यांवर दाटी झाली. दोन दिवस ज्यांच्या घरात नीट पाणी नव्हतं, ज्या नळावर एकमेकींना कोपरानं ढकलायच्या, त्या सगळ्या तिथं होत्या. पाणी खालच्या पायरीला लागलं, निवळ होत गेलं. एका लेकीनं तांब्या पुढं केला तर आईनं तिचा हात मागं ओढला. अंधारायला लागलं. तरी सगळ्या तशाच उभ्या.

सायकल आली. दाजी घामाघूम, मागं कॅरिअरवर गुरुजी, कमरेपर्यंत भिजलेले, चिखलानं माखलेले. ते उतरले आणि माणसांतून वाट काढत पायऱ्यांपर्यंत आले. हौदाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांचं लक्ष कळश्यांकडं गेलं, आणि त्या सगळ्या कोरड्या होत्या.

"अहो, भरा की," गुरुजी म्हणाले. "थांबलात कशाला?"

आक्का म्हणाली, "तुमी अजून यायचे हुता ना."